डोळ्यांनी शिकलेले शब्द

पत्र: "ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. दहावीपर्यंत बीड जिल्ह्यातल्या एका गावात मराठी माध्यमात शिकले. बँकेच्या परीक्षांसाठी इंग्रजी शब्दांच्या तीन वह्या भरल्या. परीक्षा काही निघाली नाही, पण शब्दांची गोडी लागली आणि मी इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले. आता पुण्यात एका मालवाहतूक कंपनीत काम करते. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये आमच्या एका शाखेचं कौतुक करताना मी म्हणाले, ती शाखा म्हणजे शिस्तीचं 'एपिटोम' आहे. एक वरिष्ठ हसले. तो शब्द त्यांनी माझ्यासारखा दोनदा म्हणून दाखवला आणि मग सगळेच हसले. त्या दिवसापासून मी गरजेपुरतंच बोलते. वह्या भरल्या ते चुकलं का? उच्चार शिकायचा कसा? एक जण एक सांगतो, दुसरा दुसरंच. की हे अवघड शब्द सोडूनच देऊ? खाली काही शब्द लिहिले आहेत. वाचता येतात, पण तोंडाने म्हणायची भीती वाटते. नाव छापू नका."

प्रिय मैत्रिणी,

आधी तो शब्द. इ-पि-ट-मी. चार तुकडे आहेत, जोर दुसऱ्यावर म्हणजे 'पि'वर, आणि शेवटी स्वच्छ 'ई'. मोठ्याने तीनदा म्हण आणि मग पुढे वाच.

अर्थ तू अगदी बरोबर वापरला होतास. ग्रीक भाषेत हा शब्द मुळात संक्षेपासाठी होता, मोठ्या ग्रंथाचं सार एका लहान पुस्तकात उतरवलेलं असावं तसा. त्यावरून पुढे 'एखाद्या गुणाचा मूर्तिमंत नमुना' हा अर्थ आला. सगळी शिस्त एका शाखेत उतरली आहे हे सांगायला याहून नेमका शब्द तुला सापडला नसता. त्या खोलीत सगळ्यांना चूक ऐकू आली. वाक्य किती चांगलं होतं ते कुणालाच ऐकू आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता चूक का झाली ते बघू, कारण ती वेंधळेपणातून झालेली नाही. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ई हे अक्षर आलं की ते बहुतेक वेळा मुकं असतं. होम, टोन, होप यांत आपण ते म्हणत नाही. तू तोच नियम लावलास. पण ग्रीक आणि लॅटिनमधून आलेल्या काही शब्दांत ते शेवटचं ई बोलतं. तुला हे ठाऊक आहे, फक्त ठाऊक असल्याचं माहीत नाही. रेसिपीला तू 'रेसाइप' म्हणतेस का? नाही, कारण तो शब्द तुझ्या कानावर आधी पडला आणि स्पेलिंग नंतर दिसलं. रेसिपी हे लॅटिनमधलं क्रियापद आहे, अर्थ 'घे'. वैद्य औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात त्या शब्दाने करत, अमुक इतकं घे, तमुक इतकं घे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात पायाला काट मारलेलं आर हे अक्षर दिसतं ना, ते याच शब्दाचं उरलेलं रूप.

रेसिपीच्या मांडवात आणखी शब्द बसव. कटॅस्ट्रफी म्हणजे मोठी आपत्ती, जोर 'टॅस'वर. सिमिली म्हणजे उपमा. आणि हाय-पर्-ब-ली, जो हमखास 'हायपरबोल' असा वाचला जातो. अर्थ अतिशयोक्ती, ग्रीकमध्ये शब्दशः 'पलीकडे फेकणं'. मी स्वतः बारावीपर्यंत तो चुकीचाच म्हणत होते. वर्गात कुणी दुरुस्त केलं नाही, कारण वर्गात तो शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता.

तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या आज्यांनी इंग्रजी शब्द कानाने घेतले. तिकीट, मोटार, डेपो. त्यांना स्पेलिंग माहीत नव्हतं, म्हणूनच डेपोतलं शेवटचं मुकं टी त्यांच्या वाटेत कधी आलं नाही. तुझं बरोबर उलटं झालं. तुझे शब्द डोळ्यांवाटे आले, आणि इंग्रजी लिपी डोळ्यांना खरं सांगत नाही.

का सांगत नाही, यालाही कारणं आहेत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठायला लागली. पण साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. छापलेलं जागेवर राहिलं, बोलणं पुढे गेलं. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दातलं सुरुवातीचं के एके काळी खरोखर उच्चारलं जायचं. त्यात विद्वानांनी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज, 'डाउट' म्हणजे शंका, या शब्दांत बी नव्हतं. लॅटिन मूळ दिसावं म्हणून ते मागाहून घातलं, आणि बोलणाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तुझ्या यादीतला 'इन्डिक्ट' तसाच. त्यातलं सी शोभेचं आहे. म्हणायचं इन्-डाइट, अर्थ एखाद्यावर रीतसर गुन्ह्याचा आरोप ठेवणं. कर्नलची गोष्ट तर मला फार आवडते. शब्द इटालियन, तिथे त्यात एल. फ्रेंचांनी तो घेताना एलचा आर केला. इंग्रजीत दोन्ही रूपं आली. शेवटी लिहिण्यात एल राहिला आणि बोलण्यात आर. मराठीने कानाला ऐकू आलं तेच लिहिलं, कर्नल, आणि विषय संपवला.

आपली देवनागरी मात्र जवळपास जसं लिहू तसं बोलू देते. म्हणून मराठी शाळेत शिकलेलं मूल अक्षरावर विश्वास ठेवतं. तो विश्वास चुकीचा नाही, फक्त तो इंग्रजीला लागू पडत नाही. आणि आपलीही लिपी सगळंच कुठे सांगते? 'चार गाईंना चारा चार' हे वाक्य मोठ्याने म्हण. पहिला च वेगळा, पुढचे दोन वेगळे. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज वेगळे. लिहिताना काही फरक दिसतो का? परक्या माणसाने आपली भाषा पुस्तकातून शिकली तर तो इथे चुकणारच. तेव्हा आपण त्याला हसू का?

आता थोडं जोराविषयी, कारण लोक एकेका अक्षराचा उच्चार घोकतात आणि जोर विसरतात. मराठी बोलताना आपण शब्दाच्या सगळ्या तुकड्यांना बऱ्यापैकी सारखं वागवतो. इंग्रजीत एका तुकड्याला सगळं बळ मिळतं आणि उरलेले बऱ्याचदा मलूल होऊन 'अ'सारखे उच्चारले जातात. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्यावर. फोटॉग्रफी म्हणताना दुसऱ्यावर. फोटोग्राफिक म्हणताना तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलले, बघ. एकच कुटुंब, पण तीन चाली. म्हणून 'एपिटोम' मध्ये खरी गडबड फक्त शेवटच्या ई ची नव्हती. जोर 'टोम'वर गेला आणि 'पि' बिचारा दबला.

जोर कुठे पडणार हे पुष्कळदा शेपटीवरून कळतं. शब्द 'इक'ने संपला की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. म्हणून हायपरबली, पण हायपरबॉलिक. याला अपवाद आहेत, पॉलिटिक्स हा सगळ्यांच्या तोंडचा. शब्द 'इटी'ने संपला तरी तीच रीत. इक्वनिमिटी, म्हणजे सुखदुःखात चित्त सम ठेवणं, यात जोर 'नि'वर. 'शन'ने आणि 'शस'ने संपणाऱ्यांचंही तसंच. लोक्वेशस म्हणजे बडबड्या, मेन्डेशस म्हणजे खोटारडा, टनेशस म्हणजे धरलं ते न सोडणारा. तिन्हींत जोर मधल्या 'ए'वर. तुझ्या वह्यांत असे शेकडो शब्द असतील. शेपटीप्रमाणे गोळा केलेस तर एका बैठकीत पन्नास सुटतील.

दुसरी मोठी टोळी फ्रेंच शब्दांची. इथे डेपो, बुके आणि बुफे तुझ्या मदतीला आहेत. लग्नात आपण 'बुकेट' देत नाही आणि 'बुफेट' जेवत नाही. तुझ्या यादीतला 'डेब्रिस' याच घरचा. एस मुका, म्हणायचं डेब्री, अर्थ पडझडीचा राडारोडा. 'रॅपोर्ट' नव्हे, रॅपोर, जोर दुसऱ्यावर, अर्थ दोन माणसांचे सूर जुळणं. कू म्हणजे सत्तापालट, शेवटचं पी मुकं. फो पा म्हणजे चारचौघांत झालेली अशोभनीय चूक, तिथे एक्स आणि एस दोन्ही मुके. पण सगळंच मुकं करायला निघू नकोस. 'कू द ग्रास' म्हणजे अखेरचा घाव. पुष्कळ शिकलेले लोक फ्रेंच म्हणून त्याला 'कू द ग्रा' म्हणतात आणि तिथेच फसतात. त्या शब्दाच्या शेवटी ई आहे, आणि फ्रेंचमध्ये तो ई आधीच्या स ला बोलायला लावतो.

तू विचारलंस, एक जण एक सांगतो, दुसरा दुसरंच. कधी कधी दोघंही बरोबर असतात. डेब्रीतला जोर ब्रिटिश पहिल्या तुकड्यावर देतात, अमेरिकन दुसऱ्यावर. वेळापत्रकाला ब्रिटनमध्ये शेड्यूल आणि अमेरिकेत स्केजूल. एखाद्याच्या खास जागेला निश आणि निच दोन्ही चालतात. शब्दकोशात दोन उच्चार असतील तर पहिला खरा आणि दुसरा खोटा असं नसतं. तुझ्या कामात जी माणसं जास्त भेटतात त्यांचा उच्चार घे आणि निवांत राहा. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात, पैसे न देता. यूग्लिश नावाची एक साइट आहे. शब्द टाकला की खरी माणसं भाषणात, मुलाखतीत तो शब्द बोलताना दिसतात. मला ती शब्दकोशापेक्षाही जास्त उपयोगाची वाटते, कारण शब्द वाक्यात कसा वागतो ते कळतं. शब्दकोशातल्या उच्चारचिन्हांना घाबरू नकोस. दोन चिन्हं ओळखली तरी अर्धं काम होतं. उलटं लिहिलेलं ई म्हणजे आपला 'अ'. आणि वर दिसणारी छोटी उभी रेघ ज्या तुकड्याच्या आधी असेल, त्यावर जोर. हा 'अ' आपल्याला आयता येतो, जगातल्या कितीतरी भाषांच्या लोकांना तो शिकावा लागतो.

आणि हे ऐकून तुला बरं वाटेल. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांनाही केवळ उच्चारांसाठी वेगळा शब्दकोश लागतो. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये असा कोश काढला आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या एकविसाव्या शतकातही निघाल्या. तुझ्या यादीतला 'मायझल्ड' त्यांच्यातलेही अनेक जण लहानपणी तसाच वाचतात. तो खरं तर मिस्-लेड, दिशाभूल झालेला. 'मिस' हा उपसर्ग सुटा पाडला की लगेच दिसतो.

वह्या भरल्या ते चुकलं का? भरल्या ते बरोबर, पण त्यातला अर्थाचा रकाना मला अपुरा वाटतो. परीक्षेच्या पुस्तकांत एका शब्दासमोर एकच शब्द असतो, आणि त्याने घात होतो. पल्क्रिट्यूड म्हणजे सौंदर्य, असं त्यात लिहिलेलं असतं. खरं आहे, पण तो शब्द बोलण्यात जवळजवळ कुणी वापरत नाही. घरी कुणी 'आई, मला तृषा लागली आहे' म्हणालं तर कसं वाटेल? शब्द चूक नाही, जागा चूक आहे. तो फरक यादी सांगत नाही. काही शब्द तर दिसण्यावरूनच फसवतात. नॉइसम मध्ये गोंगाट नाही, घाण वास आहे. एनर्व्हेट ऐकून वाटतं अंगात बळ आणणारं काहीतरी, पण अर्थ नेमका उलटा, गळाठा आणणं. रेस्टिव्ह माणूस विश्रांती घेत नसतो, तो चुळबुळ करत असतो. डिसइंटरेस्टेड पंच म्हणजे कंटाळलेला पंच नव्हे, ज्याचा निकालात काही स्वार्थ नाही असा निःपक्ष पंच.

आणि पेनल्टिमेट. कितीतरी लोक तो 'सर्वात शेवटचा, सर्वश्रेष्ठ' म्हणून वापरतात. तू तसं करणार नाहीस, कारण मराठी शाळेत तुला शुद्धलेखनाच्या नियमांत एक शब्द भेटला आहे, उपान्त्य. शेवटच्याच्या आधीचा. गरीब, वकील यांतली उपान्त्य ई दीर्घ. पेनल्टिमेट म्हणजे तंतोतंत उपान्त्य, आणि गंमत म्हणजे जोर मात्र उपान्त्य तुकड्यावर नाही, शेवटून तिसऱ्यावर, 'नल्'वर. मराठी माध्यमाने तुला काही कमी दिलं असं तू पत्रात म्हटलं नाहीस, पण ओळींमधून ते जाणवलं. या एका शब्दाला मराठीत आयता, काटेकोर, रोजच्या व्याकरणातला जोडीदार आहे. वहीत इंग्रजी शब्दापुढे असा मराठी जोडीदार शोधून लिही. एकच शब्द मिळाला नाही तर दोन ओळी लिही. त्यापुढे तो शब्द जिथे वाचलास ते वाक्य. आणि वर देवनागरीत तुकडे पाडून उच्चार, जोराचा तुकडा लाल शाईने. आठवड्याला पाच शब्द पुरेत. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर आणि शब्दकोशातल्या आवाजाशेजारी ठेवून ऐक. जो शब्द तोंडाने एकदाही म्हटलेला नाही तो मीटिंगमध्ये पहिल्यांदा म्हणायचा नाही, आदल्या रात्री घरी म्हणायचा, एवढा नियम पाळ.

सोडून द्यायचे का? शंभरातले ऐंशी शब्द वाचताना ओळखता आले की त्यांचं काम झालं. ते बोलण्यात आणायची गरज नाही. उरलेल्यांतले जे तुझ्या मनातलं इतर कोणत्याही शब्दापेक्षा नेमकं सांगतात, ते मात्र सोडू नकोस. इपिटमी त्यातला आहे. माझं ऐकशील तर पुढच्या महिनाभरात त्याच खोलीत तो शब्द पुन्हा वापर, ओढूनताणून नव्हे, जागा आली की. आणि पुन्हा कुणी उच्चार दुरुस्त केला, तर 'धन्यवाद, हा शब्द मी वाचून शिकले' एवढंच म्हणून लगेच आपलं वाक्य पूर्ण कर. वाक्य अर्धवट सोडू नकोस. त्या वरिष्ठांनी हळूच सांगितलं असतं तर ते शिकवणं झालं असतं. दोनदा नक्कल करून दाखवणं हे शिकवणं नव्हे, आणि ते तसं नव्हतं हे तू स्वतःशी मान्य करायला हरकत नाही.

आता यादीतले उरलेले. ए-डब्ल्यू-आर-वाय, ज्याला तू 'ऑरी' लिहिलंस, तो अ-राय. अर्थ वाकडं, फिसकटलेलं. ए वेगळा काढ, उरतो राय म्हणजे वाकडा, त्यात डब्ल्यू मुका. 'पॅराडिग्म' म्हणजे पॅ-र-डाइम, विचाराची चौकट. जी हे अक्षर इथे गप्प आहे, पण पॅरडिग्मॅटिक झालं की बोलायला लागतं. कफ म्हणजे फ्लेम आणि थंड स्वभावाचा माणूस फ्लेग्मॅटिक, तिथेही हेच. एस-ई-जी-यू-ई हा सेग्वे, इटालियन संगीतातून आलेला. न थांबता एका भागातून पुढच्या भागात जाणं. मीटिंगमध्ये एका विषयावरून दुसऱ्यावर सहज सरकणं म्हणजे सेग्वे. 'कॅशे' मात्र तू दोन शब्दांसाठी एकच लिहिला आहेस. शेवटी नुसता ई असेल तर कॅश, लपवून किंवा हाताशी ठेवलेला साठा, संगणकातला तोच. शेवटी ई आणि टी असेल तर कॅशे, म्हणजे प्रतिष्ठा, वजन. क्यू-यू-ए-वाय हा तुझ्या धंद्यातला शब्द, म्हणून तो पक्का कर. 'क्वे' नाही, की. कुलपाच्या किल्लीला इंग्रजीत म्हणतात अगदी तसाच. अर्थ जहाजाला माल चढवायचा-उतरवायचा धक्का, भाऊचा धक्का म्हणतो तो. आणि त्याच धंद्यातला डि-मर्-इज, जोर 'मर्'वर, ठरल्या वेळेत माल उतरवला नाही म्हणून जहाजाचं जादा भाडं.

शेवटचा तू लिहिलास सेरेन्डिपिटी, आणि पुढे कंसात 'हा मला आवडतो' असं. मलाही. जोर 'डि'वर, 'इटी'च्या रीतीप्रमाणे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने तो २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात घडवला, सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांच्या कहाणीवरून. ते राजपुत्र शोधत असायचे एक आणि योगायोगाने व शहाणपणाने त्यांना सापडायचं भलतंच काही चांगलं. सेरेन्डिप म्हणजे श्रीलंकेचं जुनं अरबी-फारसी नाव, आणि त्याच्या मुळाशी सिंहलद्वीप. आपला मुंगूसही असाच इंग्रजीत गेला, त्यांच्या जिभेला जमला तसा मंगूस होऊन, आणि शब्दकोशांत त्याच्या व्युत्पत्तीपुढे मराठीचं नाव आहे.

पुढची यादी पाठवशील तेव्हा शब्दांपुढे तुझे उच्चारही लिही, लाल शाईसकट. मी तपासून देईन.

तुझी ताई